पारवा छाप

पंजाबराव चष्मा विसरले नसते तर काही कळलंच नसतं, आणि न कळणंच बरं होतं असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटून गेलं. रोजच्यासारखा चहा झाला होता, पांढरा सदरा-पायजमा अंगात चढला होता, अमरावतीच्या राजापेठेतल्या क्लासांना निघालेल्या पोरापोरींच्या गाड्या चुकवत ते बागेच्या फाटकापर्यंत पोचलेही होते. बागेत त्यांचा एक बाक ठरलेला, आणि त्या बाकावर बसून दुसऱ्या कुणी वाचून ठेवलेला पेपर वाचायचा हा नेमही ठरलेला. स्वतः पेपर विकत घेणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. पेपर हातात आला तेव्हा खिसा चाचपला, तर चष्मा नाही. तसेच मागे फिरले. घरात मुलगा सागर नव्हता, तो सकाळच्या बॅचला शिकवायला गेलेला. नात पायल शाळेत. सून वर्षाली स्वयंपाकघरात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. चष्मा मोरीजवळच्या फळीवर असणार म्हणून ते मागच्या गॅलरीत गेले, आणि तिथे कपडे धुवायचं मशीन चालू होतं. पुढून गोल काच असलेलं. एरवी ते त्याच्याकडे बघतही नसत. आज बघितलं. काचेमागे फेसाचं पाणी, पायलचा शाळेचा शर्ट, सागरचं बनियन, आणि मग एक पांढरी बाही येऊन काचेला सपाट चिकटली. जराशी थांबली आणि परत आत ओढली गेली. मग सदऱ्याची पुढची पट्टी फिरून आली. तिच्यावरचं एक बटण तपकिरी होतं. पांढरं बटण घरात नव्हतं आणि एका बटणासाठी बाजारात कोण जातं, म्हणून मैनाबाईंनी, म्हणजे पंजाबरावांच्या बायकोने, ते तपकिरी लावून दिलं होतं. मैनाबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

"हा माहा सदरा हाय," पंजाबराव म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, मशीनलाच बहुतेक.

वर्षाली धावत आली. फोन तसाच कानाशी. "अगं बाई, बाबा! तुम्ही परत कसे आले?"

"चष्मा राह्यला. हा माहा सदरा मशिनीत काहून हाय?"

"आज जरा घाई होती ना, म्हणून म्हटलं..." एवढं बोलून ती थांबली. खोटं बोलणं तिला जमत नसे. गालांवर लाली चढायची आणि पदराऐवजी ओढणीचं टोक पिळायला लागायची. "नाही बाबा, आज नाही. दिवाळीपासून. आईंच्या पेटीतला साबण दिवाळीतच संपला. माझं मनगट असं धरते, दाबून धुणं होतच नाही. सांगणार होते मी तुम्हाला, देवाशपथ. पण तुम्ही रोज सकाळी सदरा नाकाला लावून म्हणायचे, वा! मग मला सांगवेना."

पंजाबराव ओरडले नाहीत, आणि हेच वर्षालीला भारी पडलं. ओरडले असते तर तिने ऐकून घेतलं असतं, चार अश्रू ढाळले असते, संध्याकाळपर्यंत सगळं थंड झालं असतं. ते सरळ आपल्या खोलीत गेले. कपाट उघडलं. घडी करून ठेवलेला दुसरा सदरा काढला आणि त्यात तोंड खुपसलं. काही नाही. म्हणजे वास होता, पण हॉटेलात हात पुसायला देतात त्या टॉवेलाचा, फुलांचं नाव असलेला आणि कुठल्याच फुलाचा नसलेला. आणखी एक सदरा काढला. तोच. अंगातल्या सदऱ्याची कॉलर ओढून हुंगली. तोच. अहो, पण आज सकाळी तर होता! हाच सदरा अंगात घालण्याआधी त्यांनी नाकाला लावला होता, नेहमीसारखे डोळे मिटले होते, आणि मैना आली होती. अगदी जवळ, पाठीमागे उभी असल्यासारखी आली होती. कालही आली होती. दिवाळीपासूनच्या प्रत्येक सकाळी आली होती. मग आता तासाभरात कुठे गेली?

आधी त्यांना वाटलं, आपलं नाक गेलं. म्हातारपणी एकेक अवयव पेन्शनीत निघतो, त्यात नाकाचा नंबर लागला असेल. म्हणून मग या माणसाने काय करावं? सून बाहेरच्या खोलीत गेली तसे ते स्वयंपाकघरात शिरले आणि चोरासारखे एकेक डबा उघडून हुंगायला लागले. हिंगाने मस्तकात कळ गेली. जवसाच्या चटणीचा खमंगपणा आला. ओव्याचा, सुंठीचा, कुठल्याशा बरणीत विसरून राहिलेल्या लवंगेचा वास आला. फडताळात देवाचा कापूर होता, तोही आला. गॅसजवळ सांबाराची जुडी पडली होती. शहरातले लोक तिला कोथिंबीर म्हणतात. तिचा वास आल्याबरोबर त्यांना अंजनगाव सुर्जीच्या कडेचा आपला मळा दिसला, पहाटेचा, दहिवराने चिंब झालेला. नाक शाबूत होतं. उलट नको तितकं शाबूत होतं. मग इतके महिने त्या नाकाने कसला वास घेतला? नसलेला वास कुणी घेतो का? पंजाबराव पलंगावर बसले आणि त्यांना भीती वाटली. मैनाचा चेहरा भिंतीवरच्या फोटोत होता. तिचा आवाज सागरच्या फोनमध्ये होता, पायलच्या बारशाला म्हटलेलं पाळण्याचं गाणं. पण तिचा वास कुठे ठेवलेला नव्हता. तो त्या साबणात होता आणि साबण या सदऱ्यांत होता, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो हिशेब एका काचेवर येऊन फुटला होता. बायको आपल्याजवळ आहे असं समजून आपण इतके दिवस एकटेच बसलो होतो, असं त्यांच्या मनात आलं.

पंजाबरावांचा चिक्कूपणा अंजनगावपासून राजापेठेपर्यंत प्रसिद्ध होता, हे सांगायला हवं. त्यांना त्याची लाजही नव्हती. चहाची पत्ती दोनदा उकळायची, दाढीचं ब्लेड कंबरेच्या पट्ट्यावर घासून महिनाभर चालवायचं, मिठाईच्या पुड्याची दोरी गुंडाळून ठेवायची. आयुष्यभर भाजी पिकवली आणि विकली, त्यामुळे बाजार उठायच्या वेळेला टोपलीतला माल काय भावात सुटतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? घरी येणारी वांगी नेहमी मावळतीची. चपला, छत्री, पंखा, चादर, सगळं हलक्यातलं. "टिकते ना? मंग झालं." सागरच्या लग्नात त्यांनी स्वतःसाठी कापड घेतलं ते तुकडा म्हणून घेतलं. पण एका बाबतीत हा माणूस राजा होता. कपड्याचा साबण पारवा छापच पाहिजे. दुसरा घरात येता कामा नये. एकदा राजापेठेतल्या दुकानदाराने "काका, हा घ्या, तोच माल, किमतीत निम्मा" असं म्हणून दुसरा बार पुढे केला, तर पंजाबरावांनी तो पोरगा घामाघूम होईपर्यंत त्याला ऐकवलं. म्हणाले, "हलकी साबन कपडा खाते. कपडा खाऊन झाला का आंग खाते. पोटाले चिमटा घेईन, पन साबन थेच." गिऱ्हाईकं हसायला लागली. मैनाबाई बाजूला पिशवी धरून उभ्या होत्या, त्याही हसल्या. त्या का हसल्या होत्या हे विचारायचं पंजाबरावांना कधी सुचलं नाही.

साबण आला तो मैनाबरोबरच. तिचे वडील अकोल्याला साबणाच्या कारखान्यात होते. कारखाना कसला, पत्र्याची एक लांब शेड. पण त्यात साबणाच्या लाद्या थापल्या जायच्या आणि तारेने कापून त्यांचे बार पडायचे, ते कापण्याचं काम तिच्या वडिलांचं. रंग करडईच्या तेलासारखा, वेष्टणावर निळा पारवा. लग्नात सासऱ्यांनी भांडीकुंडी दिली ती दिलीच, वर साबणाचं एक खोकं दिलं. वरातीत सगळ्यांना ते खोकं दिसलं आणि मग काय विचारता! "पंजाब्या मळका हाय हे तिच्या बापाले पैलेच समजलं वाट्टे," असं म्हणून मित्रांनी त्यांना वर्षभर छळलं. ते खरंही होतं. काळ्या मातीत राबणारा माणूस, अंगावर कायम चिखल, मेथीचा चीक, वांग्याच्या काट्यांचे ओरखडे. पांढरं कापड त्यांच्या घराण्यात कुणी घातलं नव्हतं. मैनाने पहिल्याच बाजाराला त्यांच्या पुढ्यात पांढरा सदरा टाकला. "मया मयका असते, मानसानं काहून मयकं ऱ्हावं?" मळा मळका असला तरी माणूस मळका नको, असं तिचं म्हणणं. ती तेव्हा लहान होती, ओठांवर अजून हळद होती असं त्यांना आठवायचं, म्हणजे ओठांवर कशी असेल, पण त्यांना तशीच आठवायची. त्या दिवशी ते सदरा घालून अंजनगावच्या बाजारात सांबाराच्या जुड्या घेऊन बसले, आणि बायांनी दुसऱ्यांची दुकानं ओलांडून त्यांच्याकडून सांबार घेतला. पांढरा माणूस स्वच्छ भाजी विकतो असं त्यांना वाटलं असेल. तेव्हापासून पांढरा अंगावरून गेला नाही.

धुणं विहिरीच्या थारोळ्यावर व्हायचं. मोटर सुरू झाली की पाणी थारोळ्यात धबाधबा पडायचं आणि तिथून पाटाने वाफ्यांकडे पळायचं. मैना साडी गुडघ्यापर्यंत खोचून दगडाशी बसायची आणि सदऱ्याला साबण लावायची, कॉलरला जास्त, बाह्यांना कमी, छातीला सगळ्यात शेवटी. फेस पाटाच्या पाण्यात मिसळून वांग्यांकडे जायचा आणि पंजाबराव पाणी एकेका वाफ्यात वळवत, दारं धरता धरता ओरडायचे, "अवं, वांग्याले साबन पाजून राहिली काय!" "पिऊ द्या. स्वच्छ वांगे होतीन," ती ओरडायची. ओल्या मातीचा, साबणाचा, तिच्या केसांच्या तेलाचा आणि उन्हाचा, असा सगळा मिळून तो एक वास होता. दुपारी सदरे कुंपणावर वाळत पडायचे. संध्याकाळी ती घड्या घालायची, आणि घडी घालताना सदरा स्वतःच्या छातीशी धरून हनुवटीने दाबायची, मग बाह्या मागे मुडपायची. रोज. पुढे सागरच्या शिक्षणासाठी अमरावतीला घर घेतलं, मळा मक्त्याने दिला, विहीर गेली, थारोळं गेलं, तीन मजले खाली दिसणारी राजापेठ आली. पण मोरीतल्या दगडावर धुणं चालूच राहिलं आणि हनुवटीची घडीही. मैना वर्षातून दोनदा अकोल्याला माहेरी जायची आणि येताना जड पिशवी आणायची. वड्या पत्र्याच्या पेटीत रचून ठेवायची, म्हणजे हवा लागून सुकतात आणि जास्त दिवस पुरतात. एक गोष्ट मात्र या खोलीत बसून पंजाबरावांच्या आत्ता लक्षात आली आणि त्यांना चमत्कारिक वाटलं. ज्या साबणासाठी ते जन्मभर भांडले, त्याची वडी हातात धरून त्यांनी एकही कपडा कधी घासला नव्हता. वडी हातात घेतल्याचंच आठवत नव्हतं. त्यांना माहीत होता तो फक्त वास.

दुपारी त्यांनी जेवायला नको म्हटलं. वर्षालीने दाराशी येऊन दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती दाराशी नुसतीच उभी राहिली. "बाबा, मी हातानं धुते उद्यापासून. कुठं मिळतो सांगा, मी आणते." तिच्या मनगटाला खरंच पट्टा बांधलेला होता. तो आज पहिल्यांदा दिसावा? की रोज दिसत होता? पंजाबरावांना तिचा राग यायला हवा होता, आणि ते आतल्या आत तो शोधत होते, पण हाताला लागत नव्हता. पोरीने खोटं सांगितलं ते त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून. "तुह्यं काई चुकलं नाई," ते म्हणाले. "मी अकोल्याले जाऊन येतो उद्या. पंचफुलाकडे." पंचफुला म्हणजे मैनाची धाकटी बहीण, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला राहायची. तिच्याकडूनच मैना बार आणायची. खरा बार एकदा आणला, त्याने एक सदरा धुतला, की सगळं जागच्या जागी येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. वास परत आला म्हणजे दिवाळीपासूनचा तो सगळा भास होता एवढंच ठरेल, आणि भासाची माफी असते. पण नाही आला तर? तर मग मैनाचं आपल्याजवळ काही नाही. या विचारापाशी आले की ते उठून पाणी प्यायचे आणि परत येऊन बसायचे.

सकाळच्या एसटीत त्यांना खिडकी मिळाली. म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड त्यांनी कंडक्टरला न मागता दाखवलं, नेहमीच्या तोऱ्यात, पण तोरा आज जमला नाही. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. उन्हं वर चढली तशी कपाशीची पऱ्हाटी उपटलेली शेतं पांढुरकी दिसायला लागली. हाच रस्ता. मैनाच्या शेवटच्या आजारपणात याच रस्त्याने ते दिवसाआड जायचे. तिचा दवाखाना अकोल्याचा होता आणि घरी पायल लहान, वर्षाली तिच्यातच गुंतलेली; म्हणून मैनाने बहिणीकडे राहायचं ठरवलं. पंजाबराव म्हणाले, मीही राहतो. तर नाही. "साळीच्या दोन खोल्या, तिथं तुमी कुठं लोयसान? जावायानं असं पडून ऱ्हायलं तं बरं दिसत नाई." मग ते सकाळी जायचे आणि सूर्य मावळायच्या गाडीने परत यायचे. शेवटी ती गेली तीही अशा दिवशी, की जो त्यांचा जायचा दिवस नव्हता. हे त्यांना डाचत होतं. आजारी बायकोजवळ बसायचं सोडून आपण एसटीत बसलो, असं त्यांनी मनाशी किती वेळा म्हटलं होतं, पण मोठ्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी बोरगावच्या पुढे आली. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं मूल त्यांच्या सदऱ्याची बाही तोंडात घालून चोखत होतं. बाईने ओढून घेतलं, "माफ करजा बाबाजी, खराब केला तुमचा." पंजाबराव नुसते हसले. परवा हेच झालं असतं तर त्यांनी बाही झटकली असती.

पंचफुला दारातच मेथी निवडत बसली होती. जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र तोच, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. "अरे बाप्पा! भाऊजी! आज सूर्य कोनीकडून निंगला? फोन नाई, काई नाई. या, बसा. कसे वायले तुमी!" पाणी दिलं, पंखा लावला, चहा ठेवला. सागर कसा, पायल काय करते, वर्षालीचं मनगट कसं आहे, हे तिला सगळं माहीत होतं. सुना-मावश्यांचं फोनवर चालू असतं, म्हाताऱ्यांना फक्त पत्ता नसतो. पंजाबराव हो-हो करत राहिले. मग कप खाली ठेवून त्यांनी विषय काढला, उगीच सहज काढल्यासारखा.

"पंचफुला, थे साबन पायजे होती. पारवा छाप. आता दुकान सांग, मीच घेऊन येतो."

पंचफुला त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिला हसू आलं, मग तिने ते आवरलं. "कोनती साबन? बाबाच्या कारखान्याची? भाऊजी, थो कारखाना बंद होऊन जमाना झाला. आमच्या नातवाचं, शुभमचं बारसं होतं तवा बंद झाला. शुभम आता कालेजात जाते. तिथं आता मंगल कार्यालय हाय."

"मंग मैना?"

"मैना काय! मैना इथून काई नेत नोती. इथून नेत होती मुंगवड्या, पापड, बिबडे. साबन थे तुमच्या राजापेठेतूनच घ्यायची. सुटी, बिननावाची, सगळ्यात हलकी. कापून पेटीत ठेवायची. मले म्हने, त्याइले सांगू नको. त्याइले अजून पारव्याचाच वास येऊन राहिला, येऊ दे. माह्या बापाची साबन निदान त्यांच्या नाकात तं जित्ती हाय." पंचफुला आता मोकळी हसली. "लबाड होती हो! अन् तुमी बी तसेच. एवढा जल्माचा चिक्कट मानूस, सगळ्यात सस्ती साबन वापरून राहिला अन् गावाले भारी साबनीचं ग्यान देऊन राहिला. आमी दोघी बहिनी लय हसो."

पंजाबरावांना हसता आलं नाही. खोली तीच होती, पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, आणि त्यांच्या पायाखालून काहीतरी सरकत होतं. एकट्या दिवाळीपासूनचे दिवस खोटे असते तर निभावलं असतं. हे तर शुभमच्या बारशापासून! राजापेठेची सगळी वर्षं. तो दुकानदाराला दिलेला दम, त्या पेटीतल्या वड्या, ते सदरे, सगळं. आणि मैना बाजूला पिशवी धरून हसत होती. राग आला. वर्षालीचा आला नव्हता तो आता मेलेल्या बायकोचा आला, आणि तिच्याशी भांडायला ती नाही म्हणून दुप्पट आला. "मले बनवलं तिनं," ते म्हणाले. "तिचं म्हून जे धरून बसलो होतो मी, थे काईच तिचं नाई. साबन खोटी, वास खोटा. माह्याजोळ तिचं काय राह्यलं मंग? सांग. फोटो? फोटो तं मतदान कार्डावर बी हाय."

पंचफुलाचं हसू गेलं. तिने मेथीची टोपली बाजूला सारली.

"भाऊजी, एक सांगू? सांगीन नाई म्हटलं होतं. तिनंच सांगू नका म्हटलं होतं. पन आता तुमी असे बोलून राहिले म्हून सांगतो. थे इथं होती तवा तुमी यायचे. आल्याबरोबर तुमच्या आंगातला सदरा उतरून घ्यायची का नाई? घामेजला म्हनून, धुऊन ठेवतो म्हनून?"

घ्यायची. पंजाबरावांना आठवलं. अंगात त्राण नसताना उठून बसायची आणि बोटं नाचवायची, उतरवा, उतरवा. पिशवीतून धुतलेला सदरा काढून द्यायची. त्यांना वाटायचं, एवढं दुखणं असूनही हिचं स्वच्छतेचं वेड जात नाही.

"थो ती धूत नोती," पंचफुला म्हणाली. "तुमची गाडी गेली का थो घामाचा सदरा उशीवर अंथरायची अन् त्याच्यावर गाल ठेवून झोपायची. त्याबिगर झोपच नाई यायची तिले. दुखायचं लय, तवा तर तोंडात बाही धरायची. तुमच्या यायच्या दिवशी सकायीच मी थो धुऊन ठेवावा, अन् तुमी आले का तिनं तुमच्या आंगातला घ्यावा, असं चाले. एकदा मी म्हटलं, बाई, किती वास मारते तो, आन इकडे, साबन लावतो. तं हातातून हिसकून घेतला. एवढी मरनाची अशक्त, पन असा हिसकला! म्हने, साबन लावशीन तं त्याच्यात काय राहीन?"

पंजाबराव आपल्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत होते.

"शेवटचा तं धुतलाच नाई," ती म्हणाली. "आंघोय मीच घातली तिले. हिरवी साडी नेसवली. तुमी सगळे बाहेर बसले होते. मी थो सदरा बारीक घडी करून पदराखाली, छातीशी ठेवला. कोनाले दिसलं नाई. तिच्यासंगच गेला तो, भाऊजी."

मैनाला नेलं तेव्हा पंजाबराव रडले नव्हते. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. आता पंचफुलाच्या दोन खोल्यांत, भर दुपारी, ते रडले, आणि चांगले आवाज करून रडले, शेजारची बाई दारात येऊन उभी राहीपर्यंत. पंचफुलाने तिला हाताने परत पाठवलं. त्यांना कुणी उगी केलं नाही हे बरं झालं. मधेच त्यांना हसूही आलं, कारण एवढी पांढऱ्या कपड्यांची वेडी बाई मळका सदरा घेऊन गेली. मग परत रडू आलं. बराच वेळ असं चाललं. शेवटी ते थांबले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि पुढून डोळ्यांनी, नाकाने ओला झाला होता.

"इश्श, काय अवतार केला," पंचफुला डोळे पुसत उठली. "असे गाडीत बसान? आना थो सदरा इकडे. घटकाभरात वायते उन्हात. पन माह्याकडे हलकीच साबन हाय, पैलेच सांगून ठेवतो."

पंजाबरावांनी बटणं काढली. साळीच्या घरात जावई नुसत्या बनियनवर बसला होता, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी सदरा तिच्या हातात दिला.

"जे असन ते लाव," ते म्हणाले.